बर्फाच्या पेटीतला मासा

परवा अमरावतीच्या राजकमल चौकात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला थांबवलं आणि हसत हसत विचारलं, "काय मॅडम, तुमचे ते मासेवाले साहेब हायेत काय अजून? ज्याइनं आपल्याच मानसाले परदेशात पकडून देल्लं ते?"

मी स्कूटी सुरू केली आणि घरी आले. हा प्रश्न मला काही पहिल्यांदा विचारलेला नाही. लग्नात, बँकेच्या पेन्शनरांच्या मेळाव्यात, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर, जिथे म्हणून अमरावती-अकोल्याची चार माणसं जमतात तिथे ही गोष्ट निघते आणि दर वेळी ती थोडी जास्त फुगलेली असते. एकदा तर साहेबांनी पोलीस बोलावले आणि बेड्या पडल्या इथपर्यंत मी ऐकलं. त्या दिवशी गाडीत आम्ही चौघं होतो. एक जण आपल्या सोयीची गोष्ट सांगत फिरतो, दुसरा गप्प बसतो, आणि साहेब कोणाला काही समजावण्याच्या भानगडीत पडत नाहीत. राहिले मी.

साहेब आमच्या बँकेत मॅनेजर होते. मी अकोल्याच्या शाखेत ऑफिसर म्हणून लागले तेव्हा ते नुकतेच हिमाचलातून बदलून आले होते. उंच, काळेसावळे, खांदे किंचित पुढे आलेले. चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरच्याने आत्ताच काहीतरी चूक केली आहे आणि ती कबूल करायची एक संधी ते त्याला देत आहेत. रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली, आमच्या घरातच होती. पण ती माणसं आपल्यापेक्षा लहानावर राग काढायची. साहेबांचं उलटं होतं. शिपायाला ते 'तुमी' म्हणत आणि रिजनल ऑफिसच्या मोठ्या साहेबांना फोनवर असं झापत, की आम्ही पेन खाली ठेवून ऐकत बसायचो.

पुढे आम्ही दोघंही काही काळ चांदूर बाजारच्या शाखेत होतो. एका बाजाराच्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. एका पुढाऱ्याचा भाचा रांग सोडून थेट काउंटरपाशी गेला आणि कॅशियरला पासबुक दिलं. साहेब केबिनमधून बाहेर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं.

तो म्हणाला, "तुमाले माहीत नाही मी कोन हाय."

"माहीत हाय," साहेब म्हणाले. "तू शेवटचा हायेस."

आणि तो पळून जाऊ नये म्हणून स्वतः त्याच्या मागे उभे राहिले. त्याचा नंबर लागेपर्यंत मॅनेजर रांगेत उभा होता. त्या पुढाऱ्याने नंतर साहेबांची बदली करवली. साहेबांनी सामान बांधलं, निरोपाच्या चहाला नकार दिला आणि जाताना मला म्हणाले, "रांगेकडे पाह्यजो." बस, एवढंच.

हा माणूस पाण्याच्या बाबतीत मात्र वेगळा होता. पूल आला की गाडी थांबायची. पूर्णेच्या पुलावर ते कठड्याला टेकून इतका वेळ खाली पाहत उभे राहायचे, की एकदा एका पोलिसाने मागून येऊन त्यांचा दंड घट्ट धरला. त्याला वाटलं हा माणूस उडी टाकतो. साहेब त्याच्यावर ओरडले, "पाण्याकडे पाहनं गुन्हा हाय काय?" मग त्यालाच शेजारी उभं करून दाखवलं, की हे बघ, त्या खडकाच्या मागे पाणी मंद आहे, मासा तिथे थांबतो, आणि हे बघ, त्याच खडकाला तुमच्या गावाच्या किती प्लास्टिकच्या पन्न्या अडकल्या आहेत. पोलीस बिचारा टोपी काढून उभा होता.

मासे पकडायला ते कुल्लूकडच्या शाखेत असताना शिकले. तिथल्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. त्याला पाण्यावरून जाणारे किडे आवडतात. म्हणून गळाला गांडूळ किंवा कणीक न लावता, पीस आणि केस बांधून केलेली नकली माशी लावतात आणि ती दोरीच्या वजनाने लांब फेकतात. ह्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. तिथल्या मत्स्यखात्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाने साहेबांना हे शिकवलं आणि निवृत्त होताना स्वतःचा रॉड त्यांना दिला. तो रॉड घेऊन साहेब आमच्या वऱ्हाडात आले, जिथे उन्हाळ्यात नळालासुद्धा उकळतं पाणी येतं. तरी ते थांबले नाहीत. परवानगी काढून धरणाच्या पाण्यावर जायचे, गावठी कोंबड्याच्या पिसांच्या माश्या बांधायचे, हाताएवढे मासे धरायचे आणि सोडून द्यायचे.

तिथले भोई त्यांना विचारत, "साहेब, सोडाचाच होता तं पकडला काहून?"

"तू पाव्हन्याच्या घरी जातेस ना? मंग त्याले उचलून घरी आनतेस काय?"

भोई हसायचे. साहेब नाही हसायचे. त्यांना खरंच वाटायचं की ह्यात समजायला कठीण असं काही नाही.

निवृत्तीनंतर साहेब अमरावतीत स्थायिक झाले. मीही पुढे बदली होऊन इथेच आले आणि इथेच निवृत्त झाले. ह्या मधल्या काळात साहेब दोनदा एकटे न्यूझीलंडला जाऊन आले. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या, "तिथून आले की आठवडाभर आवाज चढत नाही. मग गॅस सिलिंडरवाला येते." त्यांच्या बैठकीत बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली एका निळ्या नदीचा फोटो होता. तो फोटो पाहूनच अकोटच्या भाऊंना तिकडे जायची हौस आली.

भाऊंचं अकोटला कापसाचं जिनिंग आहे. माझ्या माहेरच्या बाजूने ते लांबचे नातेवाईकही लागतात. गोड बोलणारे, खर्चाला हात आखडता न घेणारे, कोणत्याही ऑफिसात ओळख काढणारे. त्यांच्याबरोबर अमरावतीचे एक कान-नाक-घशाचे डॉक्टर तयार झाले. मीही म्हटलं, मला यायचं आहे. मला मासे पकडायचे होते की नुसतं घराबाहेर पडायचं होतं, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. साहेबांनी तिघांना बैठकीत बसवलं. भाऊंनी सुरुवात केली, "साहेब, तिकीट स्वस्त भेटून राहिलं जूनचं. काढून टाकू काय?"

"जूनमध्ये तिथं हिवाळा असते. बहुतेक नद्या बंद असतात. तुमी बर्फ पाहाले जाऊन राहिले काय?"

"मग कधी?"

"तिकीट शेवटी. आधी नदीचा मोसम पाहा. तिथला उन्हाळा म्हंजे आपली थंडी. सुरुवातीले बर्फ वितळून पानी गढूळ असते. नवं वर्ष लागलं की पानी निवळते, किडे उडतात, मासा वर येते. तेव्हा जाचं. आन दिवस मोजून नेऊ नका. पावसाले दोन-चार दिवस द्यावेच लागतात. नदी तुमच्या सुट्टीवर चालत नाही."

डॉक्टरांनी व्हेज मिळतं का विचारलं. साहेबांनी ऐकलंच नाही. ते पुढे म्हणाले, की पहिली गोष्ट तिकीटही नाही, दोरी फेकणं आहे. ज्याला इथे फेकता येत नाही त्याला तिथे येणार नाही, कारण तिथे वारा असतो. म्हणून सकाळी कॉलेजच्या मैदानावर या.

आम्ही गेलो. ऐन उन्हाळ्यात, सहाला. साहेबांनी मैदानात एक लोखंडी घमेलं ठेवलं होतं. दोरीच्या टोकाला गळाऐवजी कापसाचा पेळू बांधला होता, आणि तो त्या घमेल्यात पडला पाहिजे अशी त्यांची आज्ञा होती. फिरायला आलेली माणसं थांबून विचारायची, "साहेब, पतंग हाय काय?" भाऊ जोर लावून फेकायचे. दोरी त्यांच्याच गळ्याभोवती यायची.

"जोर कायले लावून राहिले? पोते उचलता काय? मनगट मोडू नका. मागं जाऊ द्या, थांबा, मंग पुढं."

डॉक्टर काही दिवसांतच येईनासे झाले. भाऊ म्हणाले, तिथे गाईड करू, तो पाहील. साहेब म्हणाले, गाईड सुरुवातीचे एकदोन दिवस करायचाच, नदी ओळखीची होते. पण गाईड तुमचा हात होत नाही. मी मात्र रोज गेले. रोज बोलणी खाल्ली. मला म्हणायचे, "बाई, तू विचार करून राहिलीस. कापसाकडे पाह्य." जुलै संपता संपता तो पेळू घमेल्यात पडायला लागला. साहेबांनी घमेलं उचललं आणि आणखी लांब ठेवलं.

त्यांच्या सूचना संपत नसत, आणि प्रत्येक सूचनेबरोबर एक भांडण असे. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून कागद आधी द्या. विमा असा घ्या, की आडरानात पाय मोडला तर उचलून आणतील. इथून डबाभर नकली माश्या नेऊ नका, तिथल्या दुकानदाराला विचारा त्या आठवड्यात कोणता किडा उडतोय ते. चार तुकड्यांत मोडणारा रॉड घ्या. गळ हातातल्या बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतील. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. पाण्यावरची चमक मारणारा चष्मा घ्या, नाहीतर मासा पायाशी असून दिसणार नाही. मासे धरायचं लायसन प्रत्येकाच्या नावाने वेगळं, आणि ते वाचायचं.

पण सगळ्यात मोठं भांडण बुटांवरून झालं. एका नदीचं शेवाळ बुटाच्या तळाला लागून दुसऱ्या नदीत गेलं, की ती नदी नासते. त्यासाठी तिथे कापडी तळाचे बूट चालतच नाहीत, आणि बाहेरून येणारा प्रत्येक बूट विमानतळावर तपासतात. साहेबांनी आम्हाला बूट घेऊन त्यांच्या गच्चीवर बोलावलं आणि ब्रश हातात दिले. भाऊंनी आपले बूट वावरात घालून पाहिले होते, त्यामुळे तळाच्या खाचांत काळी माती घट्ट बसली होती.

"साहेब, थोडीशी माती हाय. हे धुन्याचं झामल झामल कायले?"

साहेबांनी बूट त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः धुवायला बसले. टाचणीने एकेक खाच कोरली. तोंडाने मात्र चालू होतं, "तुमच्या घरात कोनी चिखलाचे पाय घेऊन आलं तं तुमाले चालते काय? थे त्याइचं घर हाय."

विमानतळावर तिथल्या अधिकाऱ्याने ते बूट उलटेपालटे केले, भाऊंचा मसाला आणि माझी संत्रा बर्फी पाहिली, सगळं आधी सांगितलं होतं म्हणून परत दिलं, आणि म्हणाला की इतके स्वच्छ बूट महिन्यातून एखाद्याचेच येतात. भाऊ म्हणाले, "थँक्यू, आय क्लीन." साहेब काही बोलले नाहीत.

पहिल्या दोन दिवसांत गाईडने आम्हाला नदी दाखवली. ती नदी कशी होती ते मला नीट सांगता येणार नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे रंग असतो, तिथे नव्हता. टोंगळ्याइतक्या, म्हणजे गुडघाभर पाण्यात उभी राहिले तर पायाखालचा गोटा न् गोटा दिसत होता. नदीच्या वाटेवर एक पाटी होती, की मासे धरणाऱ्यांनी इथून खाली उतरावं. साहेब त्या पाटीपाशी थांबले.

"माह्या बापाच्या गावाले नदी होती," ते मला म्हणाले. "आमी खालच्या अंगाले पानी भराचो. वरच्या अंगाले पाय ठेवला तं मार पडे. इथं पाह्य, पाटी लावून बोलावून राहिले. जो येईन त्याले. एकच हाय, जे लिहिलं हाय ते पाळा."

मग माझ्यावर ओरडले, की उभी काय राहिलीस, सावली पाण्यावर पडतेय, मासा पळेल.

तिसऱ्या दिवशी भाऊंचा नवाकोरा रॉड गाडीच्या दारात सापडून मोडला. साहेबांनी हे अमरावतीतच सांगितलं होतं, की रॉड नदीत मोडत नाहीत, गाडीच्या दारात मोडतात. त्यावर ते भाऊंना वाटेल ते बोलले आणि मग स्वतःचा, हिमाचलातला तो जुना रॉड काढून त्यांच्या हातात दिला. "मी बाईच्या रॉडवर भागवतो," म्हणाले.

त्या दिवशी आम्ही अशा एका टापूत होतो, जिथे एकही मासा ठेवायचा नाही. धरायचा, हात ओले करून पाण्यातच सोडवायचा, जाऊ द्यायचा. लायसनवर तसं छापलेलं होतं. साहेबांनी ते आदल्या संध्याकाळी आम्हाला इंग्रजीत वाचून दाखवलं आणि मग मराठीत सांगितलं. सकाळी भाऊंच्या गळाला खरोखर मासा लागला. साहेब पाण्यातून धावत गेले, भाऊंच्या हाताखाली हात धरला, मासा सोडवला. भाऊंचे डोळे भरून आले होते. मी हे सांगते, कारण ते खरं आहे. त्या क्षणी मला भाऊ फार आवडले.

मग साहेब आणि मी नदीच्या वरच्या बाजूला गेलो. दुपार कलल्यावर गाडीपाशी परतलो तेव्हा भाऊ आणि डॉक्टर सावलीत बसले होते. साहेबांनी पाण्याची बाटली काढायला बर्फाची पेटी उघडली. ओल्या टॉवेलखाली मासा होता. मोठा, तपकिरी, अंगावर लाल ठिपके. पेटीत मावावा म्हणून वाकवलेला.

डॉक्टर डोंगराकडे पाहत होते.

भाऊ म्हणाले, "एकच हाय साहेब. मसाला आनला हाय घरून. मस्त रस्सा करू."

"इथं ठेवाचा नाही म्हनून सांगितलं होतं."

"इथं कोन पाहून राहिलं?"

ज्या माणसाला मी चहात साखर जास्त पडली म्हणून भडकताना पाहिलं होतं, तो माणूस एक शब्द बोलला नाही. पेटीचं झाकण हळूच लावलं, गाडीत बसला आणि गाडी सुरू केली. साहेब गप्प आहेत ह्याची मला भीती वाटली.

मुख्य रस्त्याला लागण्याआधी एका वळणावर मासेमारी तपासणारी रेंजर उभी होती. चाळिशीची बाई, डोक्यावर टोपी, फार अदबीने बोलणारी. नेहमीची तपासणी होती. लायसनं पाहिली, नदी कशी वाटली विचारलं, आणि मग म्हणाली, कोणी मासा ठेवला आहे का?

"नो मॅडम," भाऊ मागच्या सीटवरून म्हणाले. "ऑल रिलीज."

"नो," डॉक्टर म्हणाले.

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "एक आहे. पेटीत." आणि खाली उतरून त्यांनी स्वतः पेटी उघडून दिली.

तिने विचारलं, कोणी पकडला? कोणी बोललं नाही. साहेब समोर पाहत उभे राहिले. ती भाऊंना वेळ देत होती, साहेब भाऊंना वेळ देत होते. तिने विचारलं, कोणत्या रॉडवर? साहेबांनी आपल्या रॉडकडे बोट दाखवलं. हा कोणाचा? "माझा," साहेब म्हणाले. तिने मान हलवली, साहेबांचं लायसन हातात घेतलं आणि त्यांचं नाव लिहायला लागली.

मी मागे वळून भाऊंकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते मोबाईलमध्ये पाहत होते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. बाहेर तो म्हातारा माणूस दुसऱ्याच्या गुन्ह्याखाली आपलं नाव लिहू देत होता, आणि आत दोन सुशिक्षित माणसं ते होऊ देत होती.

मी दार उघडून उतरले. तिला म्हटलं, ह्यांनी नाही. मागे बसलेत ना निळ्या जाकिटात, त्यांनी.

पकडून दिलं असेल तर ते मी दिलं. हे वाक्य मी आजवर किती लोकांना सांगितलं असेल देव जाणे.

भाऊंना दंड झाला. मासा गेला, आणि गुन्ह्यात वापरलेला म्हणून रॉडही जप्त झाला. रेंजर साहेबांना म्हणाली, तिला वाईट वाटतं, पण नियम तसा आहे. साहेबांनी रॉडचे चार तुकडे सुटे केले, पुसले, कापडी पिशवीत घातले, पिशवीची नाडी बांधली आणि तिच्या हातात दिला. "नियम बरोबर आहे," म्हणाले. शहरात जी गोष्ट सांगतात तिच्यात हा रॉड कुठेच येत नाही.

उरलेले दिवस भाऊ आणि डॉक्टर गावात राहिले, बोटीत बसले, खरेदी केली. साहेब माझ्याबरोबर नदीवर आले. त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्या मागे उभे राहून ते दिवसभर ओरडायचे. मी म्हटलं, साहेब, माझा रॉड घ्या. म्हणाले, "गोष्टी करू नको. वर पाह्य, फांदीखाली. नाक दिसून राहिलं." मी फेकलं. माशी पडली, वाहत आली, पाण्यात एक तोंड उघडलं आणि मिटलं. तो मासा हातात धरला तेव्हा मी रडत होते आणि साहेब म्हणत होते, हात ओले कर, हात ओले कर आधी.

आम्ही परत आलो आणि महिनाभरात एका लग्नात मी भाऊंची गोष्ट पहिल्यांदा ऐकली. मंडपाच्या कोपऱ्यात दहा-बारा जण होते. भाऊ सांगत होते, "तिथं गेल्यावर मानूस समजला. आपलेच चार लोकं, आन यानं त्या रेंजर सायबीनले सांगितलं. त्याइले राग काढाचाच होता आपल्यावर."

'त्याइले', म्हणजे 'त्या लोकांना'. तो शब्द मी लहानपणापासून ओळखते. साहेबांना नाही म्हटलेलं ते. साहेबांच्या बापाला, आज्याला, खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या सगळ्यांना म्हटलेलं आहे. त्या मंडपात प्रत्येकाला तो कळला आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "भाऊ, साहेबांनी तुमचं नाव घेतलं नाही. मी घेतलं."

भाऊ हसले. "पाहा, मॅडम किती मोठ्या मनाच्या हायेत. साहेबाची बाजू घेऊन राहिल्या."

सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहायला लागले. मी घरची, नात्यातली, बाई माणूस. मी असं करूच कसं शकेन? त्यांचा गुन्हेगार ठरलेलाच होता. डॉक्टर तिथेच जेवत होते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सांगा." ते म्हणाले, "जाऊ द्या ना आता, झालं गेलं." त्या दिवसापासून मी त्या डॉक्टरांकडे गेलेली नाही. कान दुखला तर अकोल्याला जाते.

मी साहेबांना विचारलं, "तुम्ही काही का बोलत नाही?"

"कोनाजवळ?"

"सगळ्यांजवळ. सांगा ना, की बाईने नाव सांगितलं म्हणून."

"आन मंग तुले बोलतीन."

"बोलू द्या. मी बोलणार त्यांना उलट."

"तुले वाटते त्याइले माहीत नाही?" साहेबांचा आवाज चढला. "डॉक्टरले माहीत नाही? त्याइले माहिती पायजे नाही. त्याइले मी पायजे."

वहिनी आतून म्हणाल्या, "हळू बोला."

गेल्या दिवाळीनंतर भाऊंचा फोन आला. साहेबांना नाही, मला. त्यांच्या मुलीला, पुण्याला नोकरी करते ती, न्यूझीलंडला मासे धरायला जायचं होतं. साहेब काही सांगतील का? मी रागाने फोन ठेवणार होते, पण निर्णय माझा नव्हता. साहेबांना विचारलं. म्हणाले, "त्याले म्हना, स्वतः ये."

भाऊ आले. मीही मुद्दाम जाऊन बसले. साहेबांनी त्यांना दुपारभर सगळं परत सांगितलं: मोसम, बूट, विमा, लायसन, दुकानदार, चष्मा. एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाही. चहाही दिला नाही. निघताना भाऊ दारात थांबले, साहेबांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तेव्हाचं काही मनात ठेवू नका. मी तुमाले माफ केलं."

मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते ते मला आज आठवत नाही. चांगलं नव्हतं एवढं नक्की. साहेबांनी माझ्याकडे न पाहता हात वर केला आणि भाऊंना म्हणाले, "उद्या सकाळी पोरीले मैदानावर पाठवजा. सहाले."

ते गेल्यावर मी साहेबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापेक्षा माझा आवाज मोठा होता. म्हटलं, तुम्ही ह्या माणसाला दारात उभं का करता? साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगी जाईनच. मी नाही शिकवलं तं बापाकडून शिकून जाईन."

मुलगी आली. तिशीच्या आतबाहेरची, केस बांधलेले, मुकाट्याने ऐकणारी. साहेबांनी तिला तासभर ओरडून हैराण केलं. मग ती पाणी प्यायला माझ्या बाकाशी आली आणि हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? बाबा म्हणतात साहेबांनी त्यांना तिथे पकडून दिलं. खरंच का?"

"नाही," मी म्हटलं. "मी दिलं."

मी तिच्या हसण्याची वाट पाहिली. मोठ्या मनाच्या आहात म्हणण्याची वाट पाहिली. तिने बाटलीचं झाकण लावलं.

"तरीच," ती म्हणाली. "त्या ट्रिपचं बाबा सगळं सांगतात. गाईड, डॉक्टर, साहेब, हॉटेल. तुम्हीही गेला होतात हे मला आज इथे आल्यावर कळलं."

मैदानातून साहेब ओरडले, की गप्पा मारायच्या असतील तर घरी जा, वारा पडलाय तोवर फेकून घ्या. तिने बाटली माझ्या हातात दिली, मान हलवली आणि रॉड उचलून गेली.